लंडनहून दिसणारं शेवंतीबाईंचं दुकान

अनुजा मेस्त्रीला यंत्रांशी बोलायची खोड लहानपणापासूनची. घोडपदेवच्या चाळीत वडिलांचा रेडिओ बंद पडला की ती आधी त्याच्याशी गोडीत बोलायची, मग त्याला दम द्यायची आणि शेवटी मागचं झाकण उघडून बसायची. लग्न होऊन ती लालबागला आली, वरळीच्या एका ऑफिसात बरीच वर्षं कॉम्प्युटरपुढे काढली, केसांत पांढरं दिसायला लागलं, पण हात शिवशिवायचे काही थांबले नाहीत. आता तिच्या लॅपटॉपमध्ये एक एआय एजंट आहे. सांगितलेलं काम स्वतःच पायरी पायरीने उरकणारा सॉफ्टवेअरचा नोकर म्हणा. अनुजा त्याला 'भाऊ' म्हणते, आणि मे महिन्यातल्या त्या सकाळी तिचा भाऊशी कडाक्याचा वाद चालला होता.

वादाचं मूळ सासूबाईंच्या मसाल्यात होतं. शेवंतीबाई मेस्त्री म्हणजे लालबागमधलं मोठं प्रस्थ. उंचीने नव्हे, ती जेमतेमच. पण मिरची हातात घेऊन नुसती वाकवली तरी तिचा जाळ सांगणारी बाई. त्यांच्याकडे मसाला मागायला गेलं की भाव नंतर, वजन त्याच्याही नंतर. पहिला प्रश्न एकच: "गाव खंयचो?" देवगडकडच्या माणसाला रंग लागतो, राजापूरकडच्याला जाळ लागतो, कुडाळकडच्याला धणे वरचढ लागतात, असं त्यांचं शास्त्र. गाव कळल्याशिवाय त्या चूल पेटवत नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाने "कुठलाही द्या हो" म्हटलं, तर त्याला त्यांनी चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं.

हा धंदा परदेशात न्यायचं खूळ अनुजाचं. लालबाग-परळची किती माणसं लंडनला, दोह्याला, टोरांटोला गेलीत, ती काय तिकडे पाकिटातली लाल पूड खाणार? तिने हौसेने वेबसाइट उभी केली, भारतातून उघडली तर मराठी पान, बाहेरून उघडली तर इंग्रजी; पार्सलवाला पक्का केला आणि एक दिवस सरळ नोकरीचा राजीनामा दिला. झालं असं की मुंबईतून ऑर्डरी येत होत्या, पुण्यातून येत होत्या; परदेशातून मात्र एकही नाही. दोह्याच्या मावसबहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "बघितली गं साइट, मस्त आहे." नातेवाइकांना सगळंच मस्त दिसतं, त्यांना काय विचारायचं!

आणि आता गळ्याशी आलं होतं. दुसऱ्या दिवशी मसाला कुटायच्या कांडप गिरणीत शेवंतीबाईंचा नंबर होता, पावसाआधीचा शेवटचा. एकदा हवा दमट झाली की मिरची वाळत नाही आणि वर्षभर मसाला नाही. गच्चीत मिरच्यांचे ढीग तयार होते. शेवंतीबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "सांजपर्यंत सांग. परदेशाचो मसालो भाजूचो काय नाय? नसलो तर ती मिरची मी इकून टाकतंय, आणि तू आपली नोकरी बघ." बोलण्यात राग नव्हता, हिशेबीपणा होता, आणि तोच अनुजाला जास्त झोंबला. वरळीच्या त्या ऑफिसात पुन्हा तोंड वेंगाडत जायचं? छे!

आपलं दुकान तिकडून नेमकं दिसतं कसं, हे लालबागमध्ये बसून कळायचा मार्ग काय? रात्रभर विचार करून तिला सुचलं होतं ते प्रॉक्सीचं. मध्यस्थच तो. तुमची विनंती लंडनमधल्या एका कॉम्प्युटरकडे जाते, तो ती आपल्या नावाने पुढे करतो आणि वेबसाइटला वाटतं, गिऱ्हाईक लंडनचंच आहे. भाऊला या मध्यस्थाशी जोडून दिलं तर तो लंडनचा होऊन आपल्याच दुकानात शिरेल!

शेवंतीबाईंनी विचारलं, "ह्या काय चल्लाहा?" तेव्हा ती म्हणाली, "आई, तुम्ही वाण्याकडे स्वतः गेलात तर तो तुम्हाला चांगलाच माल दाखवतो की नाही? ओळखतो तुम्हाला. खरं काय ते बघायचं तर अनोळखी माणूस पाठवायला हवा."

"मगे धाड," शेवंतीबाई म्हणाल्या आणि मिरच्यांची देठं खुडायला बसल्या.

तर अनुजाने लॅपटॉपवरची ती काळी खिडकी उघडली, जिच्यात चित्र नाही, बटण नाही, हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. प्रॉक्सीवाल्या कंपनीचं छोटं टूल एका ओळीत उतरवून घेतलं. दुसऱ्या ओळीत त्यांनी दिलेली किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, टाकली. तिसऱ्या ओळीत एजंटचं नाव, देशाचं नाव, आणि जोड म्हणून हुकूम. क्षणभर काहीच झालं नाही. मग खाली हिरवी ओळ उमटली: जोडलं गेलं, लंडन.

"आई, लंडन!" अनुजा किंचाळली. शेवंतीबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

पण घोडं पुढेच अडलं. भाऊला दुकान उघडायला सांगितलं, तर तो म्हणतो, पान मराठीत आहे, तुम्ही भारतातून पाहत आहात. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. "अरे, लंडनला आहेस तू! हिरवं आलंय ना वर?" तिने दटावलं. भाऊ अत्यंत नम्रपणे भारतातच राहिला. तिने टूल तपासलं, किल्ली तपासली, सगळं बरोबर. बारा वाजून गेले, पोटात कावळे ओरडत होते आणि ही बया खुर्चीवर मांडी घालून स्क्रीनला शिव्या देत होती.

मग एकदम तिला उमगलं. भाऊ सकाळपासून चालू होता; लंडनचा रस्ता जोडला तो नंतर. त्याला बिचाऱ्याला नव्या रस्त्याची खबरच नव्हती! तिने भाऊला बंद केलं, पुन्हा उठवलं आणि श्वास रोखून तेच काम सांगितलं.

पान इंग्रजीत उघडलं.

काय सांगावं तिचा आनंद! खुर्चीवरून उठून तिने खोलीत दोन गिरक्या घेतल्या आणि मिरचीच्या खकाण्याने सटासट शिंकली. आपण लालबागमध्ये, भाऊ लंडनमध्ये, आणि दोघं मिळून शेवंतीबाईंच्या दुकानात! "आता गिऱ्हाईक हो," तिने हुकूम केला. "अर्धा किलो मसाला मागव. पैसे भरू नकोस, तिथपर्यंत जा." भाऊने मसाला निवडला, नाव भरलं, पत्ता भरला आणि थांबला. त्याने कळवलं: 'तुमचे गाव कोणते?' हा प्रश्न सक्तीचा आहे. उत्तरांची यादी रिकामी आहे. पुढे जाता येत नाही.

अनुजाने कपाळावर हात मारून घेतला. मराठी पानावर दोनशेवर गावांची यादी तिनेच हौसेने घातली होती. इंग्रजी पानाच्या वेळी शेवंतीबाई म्हणाल्या होत्या, ज्याला आपल्या गावाचं नाव मराठीत वाचता येत नाही, तो कसला कोकणी? दोघी हसल्या होत्या आणि ती यादी तशीच राहून गेली. मुंबईतल्या माणसाला मराठी पान दिसत होतं, म्हणून इथे कुणाला पत्ता नाही. आणि तिकडची माणसं किती महिने या दारापर्यंत येऊन परत जात होती!

"आई, तो प्रश्नच काढून टाकते."

"खबरदार!" शेवंतीबाईंचा आवाज चढला. "गाव म्हायत नाय तर मसालो कसो करतलंय मी? तोंड बघून?"

इथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. अनुजाने भाऊला कामाला लावून सगळी गावं इंग्रजीत आणली आणि ज्याचं गाव सापडणार नाही त्याच्यासाठी खाली एक मोकळा चौकोन ठेवला. मग भाऊला लंडनहून पाठवलं, गेला. दोह्याहून पाठवलं, गेला. टोरांटोहून पाठवलं तर थेट पैसे भरायच्या खिडकीत जाऊन उभा! प्रत्येक वेळी ती "आई, गेला!" म्हणून ओरडत होती आणि शेवंतीबाई, काही कळो न कळो, मान डोलावत होत्या. परदेशी गेलेल्या जुन्या चाळकऱ्यांच्या ग्रुपवर तिने निरोप टाकला: दार अडकलं होतं, आता उघडलंय, पुन्हा येऊन बघा.

मग वाट बघणं. हे तिला कधीच जमलं नाही. चहा केला, तो गार झाला. खाली जाऊन आली. उन्हं कलायला लागली तशी ती गच्चीत गेली, तर शेवंतीबाईंनी परदेशासाठीची मिरची वेगळ्या गोणीत भरायला घेतलेली, विकायला. अनुजाला ते बघवेना.

तेवढ्यात फोन वाजला. ऑर्डर, बर्मिंगहॅमहून. दीपिका नावाच्या मुलीची.

अनुजा नाचायचीच बाकी होती, पण मोकळ्या चौकोनातला मजकूर वाचून ती थबकली. तिने तो सासूबाईंना मराठीत करून सांगितला. "लिहिलंय, मला माझं गाव माहीत नाही. बाबांनाही नक्की सांगता येत नाही. आजी लालबागला राहायची, एवढंच ठाऊक आहे. तिच्या हातची आमटी आठवते. तसा मसाला मिळेल का?"

शेवंतीबाईंचा गोणीतला हात थांबला. आता त्या नाही म्हणणार, चहा पाजून परत पाठवणार, असं अनुजाला वाटलं.

बाईंनी गोणीतली एक मिरची काढून वाकवून बघितली. लग्न होऊन या चाळीत आल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. शेजारणींबरोबर याच गच्चीत त्यांनी मिरच्या वाळवल्या होत्या. कुणी देवगडची, कुणी साताऱ्याची, आणि एकमेकींच्या चुलीवर चाखता चाखता सगळ्यांच्या आमट्या कधी सारख्या झाल्या ते कुणाला कळलं नव्हतं.

"तिका सांग, गावता," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात लागता तोच देतलंय. तिच्या आजयेची आमटी काय येगळी असतली?" त्यांनी गोणी उपडी करून मिरच्या पुन्हा भाजायच्या ढिगात ओतल्या. "आणि गाव लालबाग लिव."

"आई, लालबाग यादीत नाहीये."

"मगे घाल," शेवंतीबाई म्हणाल्या.