किल्लीवाल्याची फुकट पेटी आणि एकच थाप

आमच्या किल्लीवाल्याला आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान. एक म्हणजे त्याच्यापुढे आजवर एकही कुलूप टिकलं नाही. दुसरी म्हणजे इंटरनेटवरच्या त्या फुकट ईमेलच्या पेटीतून त्याने जेवढं काम काढलं, तेवढं पेटी बनवणाऱ्यांच्याही डोक्यात आलं नसेल. दोन्ही अभिमान खरे. पण एका शुक्रवारी सकाळी त्या दोघांची समोरासमोर गाठ पडली, आणि माझं नशीब असं थोर की मी तेव्हा त्याच्याच दुकानात स्टुलावर बसलो होतो.

मी आणि तो गावच्या शाळेत एका बाकावर. माझे पाय लांब, मान त्याहून लांब, म्हणून त्याने मला ‘बगळा’ म्हणायला सुरुवात केली. आता माझे गुडघे धरतात, नातवंडं कॉलेजात जातात, तरी हा रस्त्यापलीकडून हाक मारतो ती तीच. सातवीनंतर मी गोदामात नोकरीला लागलो आणि तो एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याच्या हाताखाली. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे. दोन माणसं एकदम आत आली तर एकाने पोट आत घ्यावं लागतं, एवढंच. एका भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, खाली कानशी आणि किल्ली कापायचं मशीन, दाराशी रॉकेलचा डबा. गंजलेली कुलपं त्यात भिजत पडलेली असतात. काउंटरला वहिनी, म्हणजे त्याची बायको. ती किल्ल्यांना दोऱ्याने नंबर बांधते आणि गिऱ्हाइकापेक्षा नवऱ्यावर जास्त लक्ष ठेवते.

त्या डब्याला विसरू नका, तो पुढे येणार आहे.

बारा वर्षांपूर्वी लेक परदेशी जायला निघाली तेव्हा जुना लॅपटॉप दुकानात ठेवून गेली आणि बापाला फुकटातली मेलची पेटी उघडून दिली. “बाबा, खुशाली कळवत जा,” एवढंच तिचं म्हणणं. पण ह्याला कुठलीही वस्तू हातात द्या, तो ती आधी उलटी करून बघणार. महिन्याभरात त्याने पेटीचे सगळे खण उपसले. भिंतीवर जसे खिळे, तशी पेटीत रंगीत लेबलं केली: लेकीची पत्रं हिरव्यात, माल पुरवणाऱ्यांची निळ्यात, आणि माझी करड्यात. करडा का, असं विचारलं, तर म्हणाला, “तुझी पत्रं वाचायची घाई कधी नसते.”

मग त्याला कळलं की आपल्या पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकून पुढे कुठलाही शब्द जोडला तरी पत्र आपल्याकडेच येतं. झालं. चपलांच्या दुकानात पत्ता दिला तो ‘चप्पल’ जोडून, चष्म्याच्या दुकानात ‘चष्मा’ जोडून. सहा महिन्यांनी कुठल्याशा गादी विकणाऱ्याची जाहिरात आली ती ‘चप्पल’वाल्या पत्त्यावर. हा लॅपटॉप काखेत मारून थेट चपलांच्या दुकानात गेला आणि चारचौघांत शांतपणे विचारलं, “माझा पत्ता गादीवाल्याकडे चालत गेला, तो तुमच्या कुठल्या चपला घालून?” त्या दुकानदाराने ह्याला आजतागायत खुर्ची द्यायचं सोडलेलं नाही.

पत्र आज लिहून हव्या त्या दिवशी, हव्या त्या वेळी पाठवता येतं, हे कळल्यावर तर त्याने लग्नाच्या वाढदिवसाची पाच वर्षांची पत्रं एका दुपारी लिहून टाकली. दरवर्षी सकाळी सातला वहिनीच्या फोनवर गोड पत्र. तीन वर्षं वहिनी खूश. चौथ्या वर्षी तिच्या लक्षात आलं की पत्र आलं त्या क्षणी पत्र पाठवणारा शेजारी घोरतोय.

“तरी मजकूर माझाच होता ना?” तो म्हणाला.

“चार वर्षांपूर्वीचा,” वहिनी म्हणाली. “त्यात माझ्या निळ्या छत्रीचं कौतुक आहे. ती छत्री तुम्हीच हरवलीत.”

पण ह्या सगळ्या खोड्यांत एक गोष्ट मात्र मनापासून केलेली होती. अर्धवट पत्रं जिथे साठतात त्या मसुद्यांच्या खणात तो तीन वर्षं कुलपांवर एक वही लिहीत होता. कुठलं कुलूप कसा विचार करतं, अडलेली किल्ली कशी सोडवायची, कानस कुठे थांबवायची. रोज गिऱ्हाईक नसलं की चार ओळी. एक प्रकरण म्हणजे एक न पाठवलेलं पत्र. वही कागदावर नव्हती, दुसऱ्या कुठल्या खात्यात नव्हती, फक्त तिथे. म्हणे, “फुकट जागा असताना कागद कशाला नासवू?”

पुढे आमच्या भागातल्या तंत्रशाळेत कुलपांचा वर्ग सुरू व्हायचा ठरला. तिथल्या मुख्याध्यापिका एकदा दुकानात किल्ली करायला आल्या, आणि बोलता बोलता त्यांना वहीचा सुगावा लागला. त्या म्हणाल्या, “शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पाठवा. छापून मुलांना देऊ. नाही आली तर मात्र बाहेरून मागवलेलं जुनं पुस्तकच लावावं लागेल, छपाईची तारीख हलणार नाही.” सातवी शिकलेल्या माणसाची वही शाळेत लागणार. तो आठवडाभर कामात गाणं गुणगुणत होता, आणि त्याला गाता येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो डब्यातलं कुलूप काढायला वाकला आणि खिशातला फोन रॉकेलमध्ये गेला.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “पेटी काही फोनमध्ये नाही. उद्या लॅपटॉपवरून पाठवतो.”

शुक्रवारी दहाला मी सहज डोकावलो, तर हा लॅपटॉपकडे बघत बसलेला. पेटी पासवर्ड मागत होती. दुकानाचं शटर रोज ओढावं तसा तो लॅपटॉपवरची पेटीही रोज बंद करायचा, आणि दर एक तारखेला पासवर्ड बदलायचा. उघडी राहायची ती फक्त फोनवर.

“मग कुठेतरी लिहून ठेवला असशील की,” मी म्हणालो.

“ठेवलाय.”

“कुठे?”

तो भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्या मोजायला लागला. वहिनीने दोऱ्याची गाठ मारता मारता सांगितलं, “मसुद्यांच्या खणात.”

मला आधी उमजलंच नाही. उमजलं तेव्हा मी स्टुलावरून पडायचाच राहिलो. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेणारी माणसं आठवड्याला दोन तरी ह्याच्याकडे येतात, आणि हा प्रत्येकाला तोंडावर विचारतो, “खिसा काय शोभेला शिवलाय?” तेच मी त्याला विचारलं. चाळीस वर्षं वाट बघितली होती मी त्या वाक्याची.

“बगळ्या, हसून झालं की सांग,” तो म्हणाला. त्याचा चेहरा बघून माझं हसू गेलं.

पासवर्ड विसरलेल्यांसाठी तिथे वेगळी वाट होती. एक म्हणजे फोनवर आकडे मागवणं. पण पेटीला दिलेला नंबर होता घरच्या तारेच्या फोनचा, जो सात वर्षांपूर्वीच काढून टाकला. दुसरी वाट म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरं, लेक गेल्यावर त्याने स्वतः लिहून ठेवलेली. पहिलं पाळलेलं जनावर कुठलं, आवडते शिक्षक कोण, लहानपणी राहायचात तो रस्ता कोणता.

“हे तर मीच सांगतो,” मी म्हणालो. त्याचं पहिलं जनावर म्हणजे कुत्रा, तो मला दोनदा चावलाय. तिन्ही उत्तरं भरली. चूक.

तेव्हा तो हळूच म्हणाला, “मी खरी उत्तरं दिलीच नव्हती. खरी उत्तरं गावातल्या कुणालाही माहीत असतात. ते काय कुलूप झालं? मी थापा लिहिल्या.”

“कुठल्या थापा?”

“तेच आठवत नाहीये.”

त्याने आठवून आठवून दुसऱ्यांदा भरलं: मांजर, चित्रकलेचे सर, बाजाररस्ता. चूक. खाली लाल अक्षरं आली की अजून एकदा चुकलात तर चोवीस तास पेटी बंद. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं. तो उठला, मशीनवरचा पितळेचा भुगा पुसायला लागला. मशीन आधीच पुसलेलं होतं.

“तीन वर्षं,” एवढंच म्हणाला.

वहिनीने किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला. “भाऊजी, जरा सरका,” म्हणत ती लॅपटॉपपुढे बसली.

“तुला काय माहीत मी काय लिहिलं ते?” तो म्हणाला.

“तुम्ही काय लिहिलंत ते मला माहीत नाही. तुम्ही थाप कशी मारता ते माहीत आहे.” ती माझ्याकडे वळली. “भाऊजी, लग्न झाल्यापासून हे कधी उशिरा आले की कुठे होते?”

“कुठे?”

“तुमच्याकडे. पेढे कुणी संपवले? तुम्ही आलात आणि खाल्लेत. छत्री कुठे गेली? तुम्हाला दिली. ह्यांच्याकडे थाप एकच आहे, तीच सगळीकडे चालवतात.”

“वेगवेगळ्या थापा लक्षात ठेवायला डोकं लागतं,” तो पुटपुटला, आणि मध्येच थांबला.

वहिनीने पहिलं पाळलेलं जनावर लिहिलं: बगळा. आवडते शिक्षक: बगळा. लहानपणचा रस्ता: बगळा. मी म्हणालो, निदान शिक्षकाला तरी ‘सर’ लावा. तिने लावलं नाही आणि बटण दाबलं.

पेटी उघडली.

मग मला जनावर म्हटल्याचा राग धरायलाही सवड नव्हती. तो एकेक प्रकरण जोडत गेला, वहिनी क्रम लावत गेली, आणि मी पानांवर नजर ठेवली, म्हणजे दोनदा चहा आणला. बाराला दहा कमी असताना वही गेली. सहा मिनिटांनी मुख्याध्यापिकांचं उत्तर आलं: “पोहोचली. सोपी आहे, म्हणूनच आवडली.” ते पत्र त्याने चार वेळा वाचलं आणि सोनेरी लेबल नसल्याने पिवळं लावलं.

त्या दिवसापासून वहीच्या तीन प्रती तीन ठिकाणी असतात, एक चक्क कागदावर. पासवर्ड पेटीबाहेर असतो. आणि पेटी अडली तर मदतीचा पत्ता म्हणून वहिनीचा पत्ता दिलाय, कारण तिने त्याच आठवड्यात स्वतःची फुकट पेटी उघडली.

“प्रश्नांना काय उत्तरं दिलीस?” त्याने विचारलं.

“खरीखुरी.”

“अगं, खरी देऊ नयेत. कुणीही उघडेल.”

“उघडा की मग,” वहिनी म्हणाली. “शाळेतल्या माझ्या पहिल्या बाई कोण, माझी लहानपणची मैत्रीण कोण, आणि मला आवडणारं गाणं कुठलं. तीनच तर आहेत.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. गिऱ्हाईक नसलं की तो आता वही लिहीत नाही, काउंटरला रेलून वहिनीशी गप्पा मारतो, शाळेत कुठे बसायचीस, सोबत कोण असायची, असं आडून आडून विचारत. पंधरा दिवस झाले. मैत्रिणीपर्यंत पोहोचलाय म्हणतो.