गुरुशांतचे दंड आणि सरावाची काठी

आमच्या डोक्यावर गुरुशांत राहतो, म्हणजे वरच्या मजल्यावर. चादरींच्या दुकानात अठरा वर्षं काउंटरमागं उभा आहे, वय चव्वेचाळीस. गेल्या श्रावणापर्यंत त्यानं उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे डबलबेडची चादर, आणि तिची घडी घालतानाही त्याला धाप लागायची.

मग एका सकाळी धाडकन आवाज झाला आणि माझ्या चहात छताचा पोपडा पडला.

तणतणत वर गेलो, तर हा बनियनवर उभा. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला आणि पायाशी दहा किलोचा डंबेल. "काका, व्यायाम सुरू केलाय की," म्हणाला. नवशिक्यानं दोन-तीन किलोपासून सुरुवात करावी, असं मोबाइलमधला माणूस घसा फोडून सांगत होता. पण तेवढं तर पोरीचं दप्तर भरतंय, म्हणून यानं थेट दहाचा जोड मागवला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पुढचे दोन दिवस हात वर होईनात. शर्टाची बटणं बायकोनं, महेश्वरीनं, लावून दिली.

या खटाटोपाला कारण होतं. गुरुशांतचे वडील शंकरप्पा सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत बावीस वर्षं काठी पेलायचे. आमच्याकडं नंदीध्वजाला काठी म्हणतात. घरापेक्षा उंच असलेली ती काठी कमरेच्या पट्ट्यात ठेवून एकट्यानं चालायचं. शंकरप्पा जाऊन दहा वर्षं झाली, गल्ली अजून त्यांचं नाव काढते. त्यांचा मुलगा मात्र पांढरी बाराबंदी घालून काठीच्या बाजूनं चालतो आणि पेलणाऱ्यांचे मोबाइल सांभाळतो.

गेल्या संक्रांतीला सातवीतल्या काव्यानं, त्याच्या लेकीनं, भर गर्दीत विचारलं, "अप्पा, आजोबा काठी पेलायचे. तुमी मोबाइलच का धरता?"

त्याच क्षणी त्यानं निश्चय केला. निश्चय संक्रांतीला झाला आणि डंबेल श्रावणात आला. मधले सहा महिने तो व्हिडिओ बघत होता. डिसेंबरात काठीचा सराव सुरू होतो. तो घेणाऱ्या नागप्पांनी आपल्याला काठी द्यावी आणि ती काव्यानं बघावी, एवढंच त्याला हवं होतं.

आता घोडं कुठं पेंड खात होतं सांगतो. आरशात दंड दिसतात, म्हणून हा फक्त दंडाचा व्यायाम करायचा. बैठका काढा म्हटलं की, "ती शाळेतली शिक्षा हाय, काका." अंडी घरात चालत नाहीत, म्हणून ताकदीसाठी शेंगाचटणीवर भर दिला. त्यानं पोट तेवढं वाढलं. दर सोमवारी दुकानातली टेप आणून दंड मोजायचा आणि अर्धा इंच वाढला म्हणून खाली येऊन मला सांगायचा.

"टेप ढिली धरली की वाढतंयच की," महेश्वरी जिन्यावरून म्हणायची. मांजर येतं म्हणून तिनं एक डंबेल दुधाच्या पातेल्यावर ठेवला. चार दिवस बिचाऱ्याचा एकच दंड वाढला.

सराव सुरू झाला. गुरुशांत घट्ट टी-शर्ट घालून, काव्याला घेऊन संध्याकाळी मैदानात हजर. मी खास हसायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू? सत्तरीच्या नागप्पांनी त्याच्या कमरेला पट्टा बांधला, सरावाची काठी पट्ट्यात ठेवली, आजूबाजूला चार जण सावध उभे केले. गुरुशांतनं चार महिन्यांची सगळी ताकद लावून काठीला दोन्ही हातांनी मिठी मारली. पहिल्याच पावलाला काठी झुकली आणि चौघांनी ती वरच्या वर धरली.

"हात ढिले सोड की! कुस्ती हाय व्हय ही?" नागप्पा ओरडले. "ती कंबरंवर आन् पायावर चालती. तुझ्या बाचे दंड काडीगत होते. पाय बघितलेस का कवा त्याचे?"

"न्हाय," गुरुशांत म्हणाला.

लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मग काव्याकडं लक्ष गेलं. ती खाली मातीकडं बघत होती. मला माझीच लाज वाटली.

म्हटलं, नव्याचे नऊ दिवस संपले, आता छत वाचलं. आदळआपट थांबली खरी, पण पहाटे वर फरशी हलकेच वाजायची. चौथ्या दिवशी बघायला गेलो. गुरुशांत बैठका काढत होता, हातात काहीच न घेता. टेप कुठं दिसली नाही, घाम मात्र दिसला.

पंधरा दिवसांनी त्यानं पुन्हा काठी मागितली. नागप्पांनी त्याच्या पायांकडं बघितलं आणि पट्टा बांधला. या खेपेला हात नुसते टेकलेले. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. पाय लटपटत होते, पण काठी सरळ होती. मैदानात कुणी हसलं नाही. मग गुडघा वाकला आणि चौघांनी काठी घेतली.

"साकु! बास आता," नागप्पा निम्म्या कानडीत म्हणाले. "सात पावलं. यंदा यात्रेत न्हाय मिळायची गुरु, तितं सातानं भागत न्हाय. सरावाला मात्र रोज यायचं."

गुरुशांतनं मान हलवली. काव्याकडं बघायचा त्याला धीर होईना. "सातच झाली गं," एवढंच पुटपुटला.

"नऊ झाली," काव्या मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी मोजलीत."

नागप्पांनी माझ्याकडं बघितलं. सातच होती, मीही मोजली होती. आणि या गुरुशांतनं माझं अर्धं छत पाडलं होतं.

"नऊच की," मी म्हणालो.