अकरा बावीसचा मुहूर्त

विमान उडवणं मी म्हशीलाही शिकवलं असतं. फक्त ती कॉकपिटमध्ये मावत नाही. विमान न उडवणं शिकवताना मात्र माझे केस गेले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. खासगी विमान कंपन्या निघत होत्या आणि उज्जैनात घरटी एक पायलट हवा होता. देवास रोडच्या हवाईपट्टीवर मी शिकवायचो. नानाखेड्यातल्या एका बँक कॅशियरची मुलगी माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिचं पहिलं सोलो, म्हणजे एकटीचं उड्डाण, ठरलं आणि मी गाढवासारखा तो दिवस तिच्या वडिलांना सांगून बसलो. उज्जैनात दिवस कळला की मुहूर्त निघतोच!

पट्टीवर चाळीस नातेवाईक, नारळ, पेढे आणि पांढऱ्या चादरीवर पंडितजी. चाळीस म्हणजे कमीच सांगतोय.

अकरा दहाला वारा पट्टीला आडवा फिरला; अशा वाऱ्यात नवख्याने उडायचं नसतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडू लागली. मी मुद्दाम गप्प. परीक्षा हीच होती. ती ‘जाते’ म्हणाली असती तर मी अडवलं असतंच. पण मग तिच्या एकटीच्या हाती विमान द्यायची माझी हिंमत झाली नसती.

“कॅप्टनसाहेब, मुहूर्त निघून चाललाय!” वडील घड्याळ दाखवत म्हणाले.

“बैठ जाओ बेटी, योग बहुत बढ़िया है,” पंडितजी.

“घाबरली वाटतं,” आत्याबाईंनी टोमणा मारला. “काल तर केवढ्या बाता मारत होती!”

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी रिकाम्या कपातला चहा पीत राहिलो.

“सर, वारा आडवा आहे. मी आज नाही जात.”

“बघ हं. पेढे आलेत.”

“पेढे जमिनीवरही खाता येतात, सर.”

मी असा काही सुस्कारा सोडला की ती पिशवी क्षणभर उलटी फिरली. पाचच मिनिटांत धुळीची वावटळ आली. पंडितजींची चादर उडाली ती थेट कापडछपाईवाल्यांच्या भैरवगढला उतरली आणि अंगावर नक्षी छापून घेऊनच परत आली. खोटं वाटत असेल तर चादर माझ्याकडे आहे.

“मैंने कहा था ना, योग बढ़िया है!” पंडितजी पेढ्यांच्या टेबलाखालून ओरडले.

सोमवारी सकाळी, शांत हवेत, कुणालाही न कळवता ती एकटी उडाली आणि अलगद उतरली. तेव्हा राहुकाळ चालू होता, हे तिच्या वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही.