नमुना न मांडणारी गाठ

भाद्रपदातला शेवटचा सोमवार, सकाळ. खोलीत आम्ही चौघं होतो: अंथरुणाला खिळलेला माझा धाकटा भाऊ भूपाल, त्याची बायको सुजाता, त्याच्या उशाशी णमोकार मंत्र म्हणणारे काका आणि मी. चहा यायच्या आत तिघंच उरलो.

पुढची कामं मी वाटून दिली. ते मला जमतं. भूपालच्या आजारपणातही फाइल, गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न माझ्याकडेच होते. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात त्याचं गुळाचं अडत दुकान. शेतकऱ्याच्या ढेपा, आमच्याकडे त्यांना रवे म्हणतात, दारात लागल्या की तो एक रवा फोडून तुकडा वर मांडायचा. व्यापारी तो हातात घेणार, रंग बघणार, जिभेवर ठेवणार, मग बोली. फुफ्फुसात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी समजावलं, की शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे बारीक तुकडे बाहेर मांडून ठेवते; पहाऱ्यावरच्या पेशी ते तपासत फिरतात आणि परका तुकडा दिसला की त्या पेशीला मारतात. भूपाल ताठ बसला. “म्हंजे आमचा सौदाच की ओ डॉक्टर!” डॉक्टर हसले. गाठीनं पहारेकऱ्यांना ब्रेक लावलाय, इंजेक्शननं तो सोडवू, म्हणाले.

आणि सुटला... गाठ आक्रसली. भूपाल पन्हाळ्याला जाऊन दही-भाकरी खाऊन आला आणि तिथूनच मला फोन, “आक्का, तुझ्या फायलीला आता कुलूप घाल.” मग ब्रेक सुटलेले तेच पहारेकरी त्याच्या आतड्यांवर उठले. जुलाब, रक्त... त्यांना आवरायला स्टेरॉइड द्यावं लागलं, इंजेक्शन थांबलं. आतडी शांत झाली तोवर गाठ पुन्हा वाढली होती. पुन्हा तपासणी. या वेळी डॉक्टर हसले नाहीत. नव्यानं वाढलेल्या पेशींनी तुकडे मांडायचंच सोडलंय. पहारेकरी दारावरून जातात, पण ओळखावं असं त्यांना काही दिसत नाही. मी प्रश्नांचा कागद उघडला, तर भूपालनं त्यावर हात ठेवला. “ऱ्हाऊ दे आक्का. नमुनाच न्हाय, बोली कशावर लागायची?”

नंतर केमोही झाली. तिनं होती ती शक्ती तेवढी नेली. नातेवाईक प्रतिकारशक्ती वाढवायला काढे घेऊन यायचे. “पावणं, पहारेकरी वाढवून काय करू? त्यास्नी दिसाय नको व्हय?” असं भूपाल म्हणायचा, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून प्यायचा. मी रोज गोळ्यांपुढे खुणा करत राहिले. एकही चुकली नाही... त्यानं काही बदललं नाही.

हंगामाचा पहिला रवा तो दिवाळी पाडव्याच्या सौद्याआधी स्वतः फोडायचा आणि पहिला तुकडा मला भरवायचा. “गोड हाय का सांग. भाऊ म्हणून खोटं बोलू नगंस.” यंदा पाडवा झाला, सौदे निघाले, आमचं दुकान बंद होतं. कोडोलीच्या शेतकऱ्यानं मात्र दरवर्षीप्रमाणे पहिला रवा आणला आणि सुजाताच्या घरी पुढच्या सोप्यात ठेवून गेला. बँकेचं काम झालं, परवान्याचं झालं, उरलेली औषधं परत केली. परवा कोयता घेऊन त्या रव्यापुढे बसले. गोणपाटाची सुतळी सोडली... पुन्हा बांधली.

रवा फोडायचा राहिलाय.