कळवतो

अमेरिकेत अर्विंगमधले आमचे भाड्याने द्यायचे दुसरे घर पाहायला ती बाई आली, तेव्हा ती मुलीसह गाडीत राहत होती. जवळ सरकारी भाडेसाहाय्याचे पत्र होते. मुदतीत घर न मिळाल्यास ते रद्द होणार होते. कुणी न सांगताच तिने दाराशी बूट काढले, प्रत्येक नळ सोडून पाहिला आणि खिडकीखालची जागा टेपने मोजली.

"मुलीचा पलंग इथे मावेल, सर."

असा भाडेकरू ठेवला की घराची सरकारी तपासणी होते; ती कटकट मला नको होती. मी हसून इंग्रजीत म्हणालो, "कळवतो."

"अहो, सरळ नाही म्हणा ना तिला!" पत्नी मराठीत पुटपुटली.

आपल्या व्यवहारात 'कळवतो' हा नकाराचा सभ्य पर्याय असतो. तिने मात्र त्याचा शब्दशः अर्थ घेतला.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "सर, पत्राची मुदत काल संपली. तुम्ही कळवणार होतात, म्हणून दुसऱ्या घरमालकाला मी थांबवून ठेवलं. शेवटी त्यानं घर दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं."

आवाजात तक्रार नव्हती. शब्द नेमके वापरावेत, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो. तरीही म्हणालो, "सॉरी, आमचंही गेलं."

आमचे ते घर पुढे दोन महिने रिकामेच होते.