मी घासलेली चांदी

माझं अक्षर वाईट आहे, त्याची आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ही वही नातीची आहे, गणिताची. मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण एक गोष्ट पाच वर्षं घरात कोणाला सांगितली नाही, आणि आता ती कुठेतरी ठेवायला हवी.

मुलाची नोकरी गेली ते दोन हजार दोनच्या शेवटी. इथे अमेरिकेत, अल्फारेटाला त्यांनी नवं मोठं घर घेतलं होतं, त्याचा हप्ता दर महिन्याला उभा. मुलगा इथला नागरिक झालेला, त्यामुळे मला राहायचा आणि काम करायचा कागद मिळाला होता. इथल्या मराठी मंडळातल्या एक पुण्याच्या काकू एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंकडे सोबतीला राहत. त्या मुलीच्या बाळंतपणाला देशात निघाल्या आणि त्यांनी माझं नाव सुचवलं.

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, थोडेच महिने. लाजायचं काही नाही त्यात, कंपॅनियन म्हणतात इकडे."

मी म्हटलं, "अरे, नागपूरला वीस वर्षं लोकांची भांडी घासून तुला शिकवलं. मी कशाला लाजू?"

मला टोमणा मारायचा नव्हता, पण लागला त्याला.

त्या गोऱ्या बाईंचं गाव दीड तासावर होतं. मुलगा सोमवारी सकाळी सोडायचा, शुक्रवारी न्यायला यायचा. आठवड्याला दोनशे डॉलर. दारात उंच पांढरे खांब, पण आत गेले आणि मला वाटलं, पत्ता चुकला. गालिचा मधोमध विरलेला. पडदे उन्हाने जळून कडेला फाटलेले. मालकीणबाईंच्या स्वेटरला कोपरावर रफू. पत्र आलं की त्या पाकीट उलटं करून त्यावर यादी लिहायच्या. मोटार माझ्या मुलाच्या मोटारीहून पंधरा वर्षांनी जुनी.

शुक्रवारी मी मुलाला विचारलं, "यांच्याकडे पैसा आहे म्हणतोस, तो ठेवलाय कुठे?"

"आई, हा ओल्ड मनी आहे, पिढीजात पैसा. तो दाखवत नाहीत. आपणच दाखवतो."

हळूहळू तो पैसा मला दिसायला लागला. गावातल्या मुख्य रस्त्याला त्यांच्या घराण्याचं आडनाव. वाचनालयावर तेच, चर्चच्या रंगीत काचेखाली तेच. गावाबाहेर पाइनचं जंगल मैलोन्‌मैल, ते त्यांचं. दर महिन्याला बँकेचा माणूस स्वतः घरी यायचा आणि टोपी हातात धरून उभा राहायचा.

स्वयंपाकघरात एक काळी बाई होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. चाळीस वर्षं त्या घरात स्वयंपाक करत होती. चांदीच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची. तिचंही आडनाव तेच होतं. मला काय कळतंय, मी एकदा विचारलं, "तुम्ही दोघी नात्यातल्या का?"

ती इतकी हसली की तिला हातातली सुरी खाली ठेवावी लागली. "नातं आहे, हनी. पण जेवायला बोलावतात तसलं नाही."

ती सगळ्यांनाच हनी म्हणायची. तिचं बोलणं मी इथे माझ्या भाषेत लिहिते आहे. तेव्हा अर्धं हातवाऱ्यांवरून कळायचं, अर्धं रात्री अंथरुणात जुळवायची.

पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी मला चहा दिला तो वरच्या फळीवरच्या पातळ कपात. स्वयंपाकीणबाई प्यायली ती सिंकखालच्या जाड पांढऱ्या कपातून, आणि पिऊन तो तिथेच ठेवला. मी कपाकडे बघत राहिले. आमच्या गावी पाटलाच्या ओसरीत माझ्या आईची कपबशी अशीच वेगळी असायची, आई ती स्वतः धुऊन कोनाड्यात पालथी घालायची. इथे मला वरचा कप मिळाला होता. खरं लिहायचं तर मला तेव्हा वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं.

एप्रिलमध्ये त्या गावात जुनी घरं बघायला लोक तिकीट काढून येतात. बाईंच्या घरी पाहुणे येणार म्हणून जेवणाच्या टेबलावर सगळी चांदी मांडायची होती. नेमकी त्याच आठवड्यात स्वयंपाकीणबाईची बहीण अत्यवस्थ झाली. जाताना ती कमरेची किल्ली मला देऊन म्हणाली, "नुसतं मऊ फडक्याने पुसून मांड. जास्त काही करू नकोस."

मी कपाट उघडलं. वाडगे, सुरया, तबकं, चमच्यांची पेटी. सगळ्या नक्षीत काळं भरलेलं. फुलांच्या पाकळ्यांत काळं, कडेच्या द्राक्षांत काळं. सगळ्यात मोठा वाडगा आतून पिवळट पडलेला. मला लाज वाटली, जणू माझ्याच घरी पाहुणे येणार होते. नागपूरला मी सराफांकडे भांडी घासायची, त्यांची दिवाळीची चांदी माझ्याच हातची. नखाएवढं काळं राहिलं तर सराफीण तबक परत पायाशी टाकायची, "डोळे आहेत का गारा?" म्हणायची. मला वाटलं, म्हातारी बाई थकली असेल, तिच्याने होत नसेल. ती येईस्तोवर करून ठेवू, खूश होईल.

सुनेने दिवाळीला आणलेल्या पांढऱ्या रांगोळीचं उरलेलं पाकीट माझ्या पिशवीत होतं. लिंबू घरात होतं. दोन दिवस मी स्वयंपाकघरात बसून घासलं, मालकीणबाई तिकडे फिरकत नसत. नक्षीतलं काळं दात घासायच्या ब्रशने काढलं. वाडग्यातला पिवळेपणा हट्टी निघाला, पण शेवटी आतूनही पांढरा झाला. सगळं असं लखलखलं की टेबलाकडे बघताना डोळे दिपायचे.

पाहुणे आले. मी भिंतीला लागून सरबताचा ट्रे घेऊन उभी होते. मालकीणबाईंनी त्यांना विहिरीची गोष्ट सांगितली. गुलामीवरून इथे उत्तर-दक्षिणेची लढाई झाली, तेव्हा उत्तरेचे शिपाई आले आणि त्यांच्या पणजोबांच्या एका इमानी माणसाने ही चांदी विहिरीत लपवली आणि तीन दिवस राखली. एका पाहुण्याने मोठा वाडगा उचलला, आत बघितलं, कलता करून उजेडात धरला. मग तो बाईंच्या कानाशी बोलला. बाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी फक्त वाडगा हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला.

ते पिवळं म्हणजे डाग नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी दिलेला सोन्याचा मुलामा होता. आणि नक्षीतलं काळं मुद्दाम राहू दिलेलं होतं. त्या काळ्यावरून चांदीचं वय कळतं, त्याचेच पैसे असतात. मी दोन दिवसांत ते वय घासून टाकलं होतं.

सोमवारी स्वयंपाकीणबाई परतली, मी किल्ली तिला परत दिली. बहीण गेली होती, ती काळ्या कपड्यात होती. मालकीणबाई स्वयंपाकघरात आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"चाळीस वर्षं मी ही चांदी तुझ्या भरवशावर ठेवली, आणि जाण्याआधी तू ती घासून टाकलीस. बाराशे डॉलर तू भरून देशील. आठवड्याला पंचवीस कापून घेईन."

मी सिंकपाशी बटाटे सोलत होते. सोलणं थांबलं नाही माझं. डोळ्यासमोर मुलगा दिसला, हप्त्याचा कागद हातात घेऊन बसलेला. आता बोलावं, आता बोलावं असं करता करता बाई निघून गेल्या.

स्वयंपाकीणबाईने कपाटातून वाडगा आणला. नखाने एका पाकळीच्या कोपऱ्यातून पांढरी पूड काढली आणि बोटावर घेऊन माझ्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "रांगोळी."

"कशाची करतात?"

"दगडाची."

"दगडाची," ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली. "मी सांगितलं होतं, पुसून ठेव."

"मी जाऊन सांगते."

"मग मघाशी काय करत होतीस? बटाटे?"

मला रडू आलं. तिला माझं रडणं आवडलं नाही. म्हणाली, "डोळे पूस. काल मी बहिणीला मातीत घातलं, आज तुला कुठे समजावत बसू?"

तीन दिवस मी धीर गोळा केला. गुरुवारी दुपारी बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. मी इंग्रजीत सांगितलं, नातीने या कामाच्या मुलाखतीसाठी माझ्याकडून पाठ करून घेतलेल्या वाक्यांसारखं. मॅडम, चांदी मी घासली. मी एकटीने. ती नव्हती.

बाईंनी माझा हात हातात घेतला. "किती चांगल्या मनाची माणसं तुम्ही. पण तिच्यासाठी खोटं बोलू नकोस. तिने तुला हे बोलायला लावलं ना?"

मी नाही, नाही म्हणत राहिले. पुढचे शब्द मला येत नव्हते. बाई उठल्या, आत गेल्या, आणि स्वयंपाकीणबाईच्या कमरेची किल्ली मागून घेतली. ती त्यांनी मला दिली.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो तेव्हा मी किल्ली टेबलावर ठेवली. तिने हात लावला नाही.

"सोमवारी बोलली असतीस तर तू कामावरून गेली असतीस, एवढंच झालं असतं," ती म्हणाली. "आज बोललीस आणि मला खोटारडी करून ठेवलंस."

मग तिने मला विहिरीच्या गोष्टीचा बाईंनी न सांगितलेला भाग सांगितला. तो इमानी माणूस तिच्या आजीचा आजोबा होता, त्यांचा गुलाम; तिचं आडनाव तिथूनच आलेलं. शिपाई गेल्यावर चांदी वर काढली, चमचे मोजले, एक कमी भरला. त्याला अंगणातल्या झाडाला बांधून मारलं. त्याची पाठ पुन्हा सरळ झाली नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आटलं तेव्हा चमचा गाळात सापडला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? धुतला आणि कपाटात ठेवला. त्या पेटीतला कोणता तो, माहीत नाही मला. म्हणून सगळेच हळू पुसते."

मी तिला म्हटलं, मी तुमचे पैसे भरेन, सगळे.

"भरशीलच," ती म्हणाली. "मी काही चर्चच्या काचेवरची संत नाही. बाराशे. मी लिहून ठेवीन."

त्या शुक्रवारी मी मुलाला सांगितलं, बाई आता आठवड्याला एकशे ऐंशीच देतात. तो म्हणाला, "कंजूस आहे यार म्हातारी," आणि विषय संपला. वीस डॉलर मी स्वयंपाकीणबाईच्या हातात ठेवायची. ती मोजून घ्यायची. आभार मानत नव्हती, मानावेत असं काही नव्हतंच. आम्ही बोलायचो, भाजी निवडायचो, कधी हसायचोही. पण किल्ली माझ्या कमरेला होती आणि प्रत्येक वेळी कपाट उघडताना ती पाठ करून उभी राहायची.

नोव्हेंबरात मुलाला नोकरी लागली आणि माझं काम सुटलं. तोपर्यंत पाचशे वीस दिले होते. राहिले सहाशे ऐंशी, आणि माझ्या हातात मिळकत काही नाही. मग मी मंडळातल्या घरांना पुरणपोळ्या करून द्यायला लागले. सून म्हणाली, "आई, कशाला दमता? आता गरज आहे का?" मी म्हटलं, हातपाय हलते राहतात. ते पैसे माझे असत, कोणी विचारत नसे. महिन्याला कधी वीस, कधी दहा, कधी दोन-दोन महिने काही नाही. दुकानातून मनीऑर्डर काढायची, पाकिटावर पत्ता नात लिहून द्यायची. उत्तरादाखल तिकडून एक चिठ्ठी यायची, तिच्यावर फक्त उरलेला आकडा. सहाशे दहा. चारशे पन्नास. एका चिठ्ठीत आकड्याखाली एक ओळ होती, ती नातीने वाचून दाखवली: मालकीणबाई वारल्या, घर पुतण्याकडे गेलं, चांदी लिलावाला गेली. स्वयंपाकीणबाईला काय मिळालं ते लिहिलं नव्हतं. पुढच्या चिठ्ठीत पुन्हा नुसता आकडा.

यंदा, दोन हजार आठच्या उन्हाळ्यात, चाळीस उरले. ते मला पाकिटातून पाठवायचे नव्हते. मुलाला म्हटलं, जुन्या मैत्रिणीला भेटायचं आहे, नेशील का? तो गाडीतच थांबला, फोनवर त्याची मीटिंग चालू होती.

तिचं घर गावाच्या पलीकडे, रुळांच्या खालच्या अंगाला आहे, दोन खोल्यांचं. ती काठी घेऊन दारात आली. फार वाळली आहे. मी दोन वीसच्या नोटा दिल्या. तिने त्या उजेडात धरून बघितल्या, मग आतून एक वही आणली, शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवली, मी बघावं म्हणून. पाच वर्षांचे आकडे होते, एकाखाली एक, माझ्याहून चांगल्या अक्षरात.

मी म्हटलं, "त्या सोमवारी मी..."

"सोमवारचं राहू दे," ती म्हणाली. "ते वहीत नाही."

मी उभी राहिले. तिने मला आत बोलावलं नाही आणि दारही लावलं नाही. मुलाने हॉर्न वाजवला. तिने नोटांची घडी करून झग्याच्या खिशात घातली आणि खिशावरून एकदा हात फिरवला. बाराशे डॉलर पूर्ण फिटले.