यंत्र चांगलं शे

जळगावच्या त्या दवाखान्यात एक अक्का दिसायची. बाकडं रिकामं असलं तरी भिंतीला टेकून उभी, हातातल्या पिशवीत बदलायला दुसरं लुगडं. ती का बसत नाही, मला कळायचं. शौचावर ताबा राहावा म्हणून तिच्यासारखंच माझ्याही कमरेत नसेला झटके देणारं यंत्र बसवलेलं. आधी गुण आला, मग उतरत गेला. मी मात्र दर खेपेला डॉक्टरांना "बरं आहे" सांगायचो आणि घरी बायकोच्या शेवभाजीवर खापर फोडायचो. एकदा तर ताटच भिरकावलं.

एके दिवशी डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं, अक्का आत होती. डॉक्टर यंत्र तपासून तिला म्हणाले, "यंत्र व्यवस्थित चालू आहे."

अक्का अहिराणीत कडाडली, "यंत्र चांगलं शे, मंग मनं लुगडं कसं खराब व्हस? त्याले काय इचारतस? माले इचारा ना!"

डॉक्टर ओशाळले. सेटिंग बदलू, तार सरकली का बघू, म्हणाले. म्हणजे तपासण्यासारखं होतं, फक्त तोंड उघडायचं होतं! मला स्वतःचाच संताप आला.

आत गेल्या गेल्या म्हणालो, "डॉक्टर, मी खोटं बोलत होतो. मला आता गुण नाही."

बायको शेजारीच होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणजे भाजी चांगली होती. तेही सांगा त्यांना."